भाचीची सरळ रेषा

परवा भाची बडोद्याला, दांडिया बाजारला आमच्याकडे आली, एमएस्सीचं प्रोजेक्ट घेऊन, आणि लॅपटॉप उघडून म्हणते मामा बघ ना, दहा कंपाउंडचे डेल्टा एच (रिॲक्शनमधली उष्णता) आणि डेल्टा एस (एन्ट्रॉपीतला, म्हणजे अव्यवस्थेतला बदल) काढले, एकमेकांसमोर प्लॉट केले आणि सगळे एका रेषेत, म्हणजे सगळ्यांमागे एकच केमिस्ट्री असणार! आर (ठिपके रेषेवर किती चपखल बसतात त्याचा आकडा, १ म्हणजे अगदी रेषेवर) ०.९९. स्लोप ३०३ केल्विन. मी म्हटलं अगं ३०३ म्हणजे ३० डिग्री, तू रीडिंग किती टेम्परेचरला घेतलीस? तर १५ ते ४५. मधोमध काय येतं? गप्प झाली.

गंमत अशी की दोन्ही आकडे एकाच व्हॅन्ट हॉफ प्लॉटमधून (इक्विलिब्रियम कॉन्स्टंटचा लॉग विरुद्ध १/टी, टी म्हणजे केल्विनमधलं टेम्परेचर) येतात, स्लोपमधून डेल्टा एच, इंटरसेप्टमधून डेल्टा एस. आणि इंटरसेप्ट कुठे, तर १/टी शून्य असतं तिथे, म्हणजे तिच्या अख्ख्या डेटाच्या रुंदीच्या दहापट लांब. उत्तरायणला पोरं कटलेली पतंग पकडायला लांब बांबू घेऊन धावतात ना, हात जरासा हलला की टोक कुठल्या कुठे जातं, तसं. कॉन्स्टंटमध्ये एका टोकाला ५ टक्के जास्त, दुसऱ्या टोकाला ५ टक्के कमी, एवढीच चूक झाली तरी डेल्टा एच अडीच किलोज्यूलने हलतो, आणि त्याच्यामागोमाग डेल्टा एसही साधारण ८ ज्यूल प्रति केल्विन हलतो, दर वेळी त्याच प्रमाणात. ते प्रमाण म्हणजेच सरासरी टेम्परेचर. (हार्मोनिक मीन म्हणायला हवं, पण इथे फरक किरकोळ.)

तिला पटेना. मग एक्सेलमध्ये एकच काल्पनिक कंपाउंड घेतलं, त्यात रँडम ५ टक्के एरर टाकून वीस वेळा फिट केलं. वीस ठिपके, एकच पदार्थ, झकास रेषा, आर ०.९९ च्या वर! केमिस्ट्री शून्य.

हे काही मी शोधलेलं नाही, एक्सनर नावाच्या केमिस्टने १९६४ मध्येच सावध केलं होतं, आणि १९७६ मध्ये क्रुग, हंटर, ग्रीगर या तिघांनी उपाय पण दिला, डेल्टा एच समोर डेल्टा एस नको, त्या मधल्या टेम्परेचरचा डेल्टा जी (फ्री एनर्जीतला बदल) लाव, तिथे दोघांच्या चुका एकमेकांना चिकटत नाहीत. कॅलरीमीटर (उष्णता थेट मोजणारं यंत्र) वापरला तरी डेल्टा एस हा डेल्टा एचमधून डेल्टा जी वजा करूनच काढणार असाल तर सुटका नाहीच हं.

नवीन प्लॉट काढला तर रेषेचा ढग झाला, तिचं तोंड उतरलं. पण दोन कंपाउंड ढगाच्या बरेच बाहेर पडलेत, एरर बार धरूनसुद्धा. आता सेव उसळ थंड करत त्या दोघांचीच रीडिंग परत तपासत बसलीये.