त्रुहो आणि आनलं

काही वर्षांपूर्वी, ऑक्टोबर संपता संपता, दुसरीच्या माझ्या वर्गातील सात वर्षांचा एक मुलगा ‘लेखकाच्या खुर्ची’वर बसून सुट्टीत घडलेल्या गोष्टीविषयी स्पॅनिशमध्ये लिहिलेले आपले पान वाचून दाखवत होता. ‘मि आब्वेलो त्रुहो ग्रानादास एन ला त्रोका’, म्हणजे ‘माझ्या आजोबांनी ट्रकमधून डाळिंबे आणली’, एवढे त्याने वाचले आणि मी नेहमीच्या सवयीने, अगदी मृदू आवाजात, ‘त्रुहो’ म्हणजे ‘आणली’ या शब्दाची ‘त्राहो’ अशी दुरुस्ती केली. पाठोपाठ ‘त्रोका’ऐवजी ‘कामियोनेता’ म्हणावे, असेही सांगितले. जिच्या घरी फक्त इंग्रजी बोलतात अशा एका मुलीने गालिच्यावर बसल्या बसल्या माझ्याच स्वरात ते पुन्हा म्हटले: ‘से दिसे त्राहो’, त्राहो असे म्हणतात. मुलाने कागदाची घडी घातली आणि तो जागेवर जाऊन बसला. त्यानंतर कितीतरी दिवस मी स्पॅनिशमध्ये विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तो इंग्रजीत ‘मला माहीत नाही’ एवढेच उत्तर देत राहिला.

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील, बदाम आणि डाळिंबांच्या बागांनी वेढलेल्या एका गावातील सरकारी शाळेत मी शिकवते. वर्गातील साधारण निम्म्या मुलांची घरची भाषा स्पॅनिश आणि बाकीच्यांची इंग्रजी असते. बालवर्गात नव्वद टक्के शिकवणे स्पॅनिशमधून आणि दहा टक्के इंग्रजीतून सुरू होते, मग दरवर्षी इंग्रजीचा वाटा वाढत पाचवीच्या सुमारास दोन्ही भाषा बरोबरीला येतात. दोन भाषांच्या मुलांना असे एकत्र शिकवण्याचा प्रयोग आधुनिक काळात अमेरिकेतील सरकारी शाळेत प्रथम झाला तो मायामीच्या कोरल वे शाळेत, १९६३ मध्ये, क्युबातून निर्वासित कुटुंबे तेथे येत होती त्या काळात. इंग्रजी घरातील मुलांना स्पॅनिश मिळावी आणि स्पॅनिश घरातील मुलांची स्पॅनिश इंग्रजीच्या लोंढ्यात वाहून जाऊ नये, असा दुहेरी हेतू या पद्धतीमागे असतो. तो मुलगा इंग्रजीकडे वळला तेव्हा यातला दुसरा हेतू माझ्याच वर्गात, माझ्यादेखत फसत होता.

त्या संध्याकाळी मी सगळ्या वह्या पुन्हा काढल्या. इंग्रजी घरातील मुलांच्या चुका बहुतेक ठरावीक होत्या: ‘से’ऐवजी ‘साबो’, किंवा ‘मे गुस्ता’ऐवजी ‘यो गुस्तो’. (हा दुसरा प्रयोग त्यांना समजावणे कठीण जाते, मराठी माणसाला मात्र तो लगेच कळतो, कारण ‘मला दूध आवडते’ यात आणि त्यात वाक्याची घडण एकच आहे.) परंतु त्यांच्या शब्दसंग्रहावर लाल खूण जवळजवळ नव्हती, कारण त्यांच्याजवळचा प्रत्येक स्पॅनिश शब्द शाळेतला होता आणि बराचसा माझाच होता, आणि माझी स्पॅनिश पुण्यात, स्पेनहून आलेल्या क्रमिक पुस्तकांतून घडलेली. ज्या मुलाने पाळण्यात असल्यापासून ही भाषा ऐकली होती, त्याच्या वहीत मात्र सर्वांत जास्त लाल खुणा होत्या. ‘त्रुहो’ हे रूप सोळाव्या-सतराव्या शतकात स्पेनमध्ये लिहिले जात असे आणि मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांत ते आजही बोलले जाते, हे मला अभ्यासातून ठाऊक होते. तरीही लाल पेन हाती घेताना ते मला आठवले नव्हते.

नोव्हेंबरमध्ये पालकभेटी झाल्या. मुलाची आई फळांच्या पॅकिंगच्या शेडमधून तडक आली होती. मला ‘माएस्त्रा’, म्हणजे बाई, म्हणून तिने बोलायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात माफी मागितली, की आपली स्पॅनिश खेड्यातली आहे, मुलाच्या चुका आपल्याच घरून येतात. ती स्वतः याच खोऱ्यात शिकली होती. १९९८ मध्ये प्रपोझिशन २२७ हा प्रस्ताव राज्याच्या मतदानात संमत होऊन राज्यातील द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधने आली, तेव्हा ती तिसरीत जाणार होती. सुट्टीनंतर वर्गात स्पॅनिश थांबली, ती पुन्हा आली नाही, असे तिने सांगितले. ते बंधन २०१६ च्या मतदानाने उठले, म्हणून तिचा मुलगा माझ्या वर्गात बसू शकला होता. चूक तुमची नाही, माझी आहे, असे मी तिला सांगितले; पण माझ्या एका वाक्याने तिचे समाधान झाले असेल असे मला वाटले नाही.

गाडी चालवत घरी येताना मला सांगोला तालुक्यातील आमचे गाव आठवले. पाचवीत मी पुण्याच्या शाळेत आले तेव्हा ‘आजीनं पानी आनलं’ हे वाक्य बाईंनी मला वर्गासमोर उभे करून ‘पाणी आणलं’ असे होईपर्यंत म्हणायला लावले होते. मी ण शिकले आणि पुढे कित्येक वर्षे गावी गेल्यावर आजीशी मोजकेच बोलत राहिले. त्या मुलाचे क्रियापद आणि माझे क्रियापद एकच होते, हे त्या दिवशी गाडीत ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर मोठा कागद लावला आणि त्यावर दोन रकाने आखले: ‘एन कासा’ आणि ‘एन एल लिब्रो’, म्हणजे घरी आणि पुस्तकात. पहिल्या रकान्यात ‘त्रोका’ आणि ‘त्रुहो’ मी स्वतः लिहिले. मग मुले सांगू लागली: गवताला ‘साकाते’, पतंगाला ‘पापालोते’, सरबत प्यायच्या नळीला ‘पोपोते’, हे शब्द नाहुआत्ल या मेक्सिकोच्या जुन्या भाषेतून आले आहेत, असे सांगितल्यावर त्यांना फार नवल वाटले. इंग्रजी घरातील मुलांजवळ पहिल्या रकान्यात लिहायला काहीच नव्हते. ‘से दिसे त्राहो’ म्हणणारी ती मुलगी उठून त्या मुलाजवळ गेली आणि तुझे आजोबा आणखी काय काय म्हणतात, असे तिने त्याला विचारले. त्याने आधी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि ‘मुन्चो’ असा शब्द सांगितला. पुस्तकात ‘मुचो’. मी दोन्ही लिहिले.

मग त्यानेच विचारले, स्पॅनिशमध्ये, की माएस्त्राच्या घरीही असे शब्द आहेत का. मी खाली देवनागरीत ‘आनलं’ आणि ‘आणलं’ लिहिले आणि दोन्ही म्हणून दाखवले. ण मात्र कोणाच्याच जिभेवर येईना. चोवीस मुलांनी दोन्ही रकाने मोठ्याने वाचले आणि दोन्हीकडे ‘आनलं’ असेच म्हटले, अगदी माझी आजी म्हणायची तसे.