खेळातला किल्लेदार

आज धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी, एका मळ्यात, दिवसभर लार्प झाला. पात्र अंगावर घेऊन प्रत्यक्ष खेळायचा हा प्रकार. किल्लेदाराची भूमिका मिळालेल्याला वाटतं, फक्त हुकूम सोडायचे. मग होतं काय, बातमी त्याच्याजवळ अडकते, तो दोघा सल्लागारांना घेऊन मसलत करत बसतो आणि बाकीचे शिपाई निंबाखाली जांभया देतात. म्हणून हेराने आणलेली खबर लगेच दोघा-तिघांच्या कानावर घालावी. हुकूम मुद्दाम अर्धा ठेवावा: "नाका धरा", एवढंच. कसा धरायचा ते नाईक ठरवेल. खजिना, पहारा, वाटाघाटी वेगवेगळ्या हातांत द्याव्यात. वारस आधीच नेमावा, नाहीतर किल्लेदार मेला की अख्खा गट ठप्प.

दरबारात कुणाला झापलं, तर नंतर अंगठा-तर्जनीचं कडं करून त्या खेळाडूला 'ठीक आहेस ना?' असं हळूच विचारावं. त्याने अंगठा वर केला तर पुढे चालू. आडवा किंवा खाली दिसला तर बाजूला घेऊन बोलावं. 'कट' म्हणजे खेळ लगेच थांबवायची हाक. ती ऐकू आली की किल्लेदाराने सगळ्यांत आधी थांबावं, बाकीचे त्याच्याकडेच बघत असतात.

आणि आपल्या खान्देशी उन्हात भर दुपारी लढाई लावू नका भो! तेवढ्यापुरता तह करून पाणी प्यायला लावा सगळ्यांना.