बॅगा घेऊन बोटीपर्यंत: कोल्हापूर ते बॅलार्ड पिअर

कोल्हापुरातून क्रूझला जायचं म्हणजे आधी मुंबई गाठायची. बोट सुटते मुंबई बंदरातून, बॅलार्ड पिअरवरून, आणि आमचं घर राजारामपुरीत. रेल्वेनं हे अंतर पाचशे किलोमीटरच्या वर भरतं. बोटीवर काय काय बघायचं, खायचं याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. मला लिहायचंय ते बोटीच्या दारापर्यंतच्या प्रवासाबद्दल, कारण बरोबर दोन वयस्कर बायका आणि बॅगा असल्या की खरी कसोटी तिथंच लागते.

आम्ही चौघं होतो: मी, धाकटा भाऊ, आई आणि आत्ती. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आत्तीला चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. त्यामुळं मी सुरुवातीलाच ठरवून टाकलं की हा प्रवास तासांत मोजायचा नाही. बॅग किती वेळा उचलावी लागणार आणि मध्ये किती जिने येणार, एवढंच बघायचं.

या हिशेबानं ट्रॅव्हल्स पहिल्या फेरीतच बाद झाल्या. रात्री झोपून जायला स्लीपर कोच चांगल्या, पण मी चौकशी केली त्यातली एकही गाडी फोर्टात, म्हणजे बंदराच्या बाजूला, जात नव्हती. वाशी, चेंबूर, सायन, मग पुढं दादर नाहीतर बोरिवलीकडं. म्हणजे पहाटे अंधारात पुलाखाली उतरायचं, क्लीनर घाईघाईनं डिकीतून बॅगा खाली टाकणार, आणि तिथून पुढची गाडी शोधायची. उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूरच्याच विमानतळाहून विमान तासाभरात मुंबईला नेतं. आता तर आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो 2025 च्या ऑक्टोबरपासून पूर्ण सुरू झाली आहे, विमानतळावरून थेट सीएसएमटीला उतरता येतं. दोघंच असाल आणि एकेक चाकाची बॅग असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन. आम्हाला मात्र विमानाची पंधरा किलोची मर्यादा अडचणीची होती, शिवाय विमानतळ, मेट्रो, टॅक्सी असं तीनदा चढ-उतार करणं आईला झेपलं नसतं.

राहिली महालक्ष्मी एक्सप्रेस. तिची एक गोष्ट वेळापत्रकात दिसत नाही, पण माझ्या दृष्टीनं तीच सगळ्यात मोलाची. ही गाडी सुटते त्या कोल्हापुरातही रूळ संपतात आणि पोचते त्या सीएसएमटीलाही रूळ संपतात. त्यामुळं सीएसएमटीला प्लॅटफॉर्मच्या टोकाशी सपाटीनं बाहेर पडता येतं, पूल ओलांडायचा नाही, जिना चढायचा नाही. आणि शेवटचं स्टेशन असल्यामुळं दोन मिनिटांच्या थांब्यात सामान उतरवायची धडपड नाही. रात्री नऊच्या आत कोल्हापूर सोडायचं आणि सकाळी साडेसातच्या सुमारास मुंबईत उतरायचं.

तिकिटाचं गणित थोडं नीट समजून घ्यावं लागतं. बोटीचं बुकिंग कित्येक महिने आधी होतं, पण रेल्वेचं आरक्षण 2024 च्या नोव्हेंबरपासून फक्त 60 दिवस आधी उघडतं. पूर्वी 120 दिवस मिळायचे. तेव्हा बोट ठरली की कॅलेंडरवर मागं मोजून ती तारीख लिहून ठेवायची आणि त्या दिवशी सकाळी आठला मोबाईल घेऊन बसायचं. दुसरं म्हणजे चौघांचं एकच तिकीट काढायचा मोह आवरायचा. खालच्या बर्थचा जो वेगळा कोटा असतो, तो 60 वर्षांवरच्या पुरुषांना आणि 45 वर्षांवरच्या बायकांना मिळतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. आई-आत्तीचं तिकीट वेगळं काढलं, दोघींना खालचे बर्थ मिळाले. आम्हा भावंडांचे वरचे.

मग बॅगा. थर्ड एसीत माणशी 40 किलो सामान मोफत नेता येतं, टू टायरला 50. एवढं वजन कुणाचं होत नाही, अडतं ते मापावर. रेल्वेच्या नियमात सुटकेस जास्तीत जास्त 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटर, आणि थर्ड एसीत ट्रंक न्यायची तर त्याहून लहान. यातला 25 चा आकडा महत्त्वाचा. विमानप्रवासासाठी मिळणाऱ्या मोठ्या कडक कवचाच्या बॅगा फुगीर असतात, भरल्यावर तीस सेंटिमीटरच्या वर जातात आणि बर्थखाली शिरताना अडकतात. शेजारच्यांनी तशीच एक बॅग प्रेमानं देऊ केली होती. भावानं टेप लावून मोजली, बत्तीस भरली. आम्ही तिच्याऐवजी मध्यम आकाराच्या कापडी बॅगा घेतल्या. कापडी बॅग दाबली की दबते, आणि ती मला एकटीला उचलता येते. हीच कसोटी लावावी: जी बॅग आपल्याला कुणाच्या मदतीशिवाय टॅक्सीच्या टपावर चढवता येत नाही, ती घरी ठेवायची.

आत्तीनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डब्यात खर्डा असं सगळं बांधलं होतं. आमच्या बोटीच्या अटींमध्ये बाहेरचं खाणं आणायला स्पष्ट मनाई होती. ते सांगितल्यावर ती म्हणाली, "मग गाडीत खाऊया की. टाकायचं न्हाई काय." मिरज सोडल्यावर डबे उघडले. समोरच्या बर्थवरच्या जयसिंगपूरच्या जोडप्यालाही खर्डा पोचला आणि पुण्यापर्यंतची ओळख तिथंच झाली.

राजारामपुरीतून स्टेशन म्हटलं तर हाकेच्या अंतरावर, पण मध्ये रेल्वेचे रूळ आणि परीख पूल. संध्याकाळी त्या पुलाखाली रिक्षा, दुचाक्या, हातगाड्या सगळं एकदम शिरतं. म्हणून लवकर निघालो. लवकर जाण्याचा दुसरा फायदा असा की गाडी इथूनच सुटते, त्यामुळं ती आधी येऊन लागलेली असते. आमची एक नंबरला उभी होती. रिक्षातून उतरल्यावर बिल्ला असलेला हमाल केला, पैसे आधी ठरवले. आई-आत्तीला जागेवर बसवून, बॅगा बर्थखाली चाकं भिंतीकडं करून सरकवल्या आणि साखळीनं बर्थखालच्या कडीला बांधल्या. चाकं बाहेरच्या बाजूला ठेवली तर गाडी ब्रेक मारते तेव्हा बॅग घरंगळत बोळात येते. हे सगळं होऊनसुद्धा चहा प्यायला वेळ उरला.

हे स्टेशन 1891 पासूनचं. आज त्याला ज्यांचं नाव आहे ते शाहू महाराज 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते, आणि 50 टक्के आरक्षणाचा तो ऐतिहासिक आदेश 26 जुलै 1902 ला करवीरच्या गॅझेटात छापला गेला तेव्हा ते परदेशातच होते. बोटीचा प्रवास कोल्हापूरला नवा नाही, एवढं आत्तीला सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं.

पहाटे कल्याण गेलं आणि डब्यात हालचाल सुरू झाली. कोल्हापूरकर मुंबईला जातो म्हणजे बहुतेक वेळा दादरला उतरतो, ती सवयच आहे. "ताई, दादरला उतरा, तिथं टॅक्सी लगेच मिळत्यात," असं एका काकांनी दोनदा बजावलं. काकांचा हेतू चांगला होता, पण बॅलार्ड पिअर सीएसएमटीपासून दीडेक किलोमीटरवर आहे. दादरला उतरायचं म्हणजे गर्दीत पूल चढायचा आणि वर सकाळच्या ट्रॅफिकमधून उलट फोर्टात यायचं. आम्ही बसून राहिलो. दादरला डबा जवळजवळ रिकामा झाला आणि पुढच्या वेळात साखळ्या सोडून बॅगा दारापाशी शांतपणे लावता आल्या.

सीएसएमटीला डबा मागच्या बाजूला असला तर प्लॅटफॉर्मवर अर्धा किलोमीटरच्या जवळपास चालावं लागतं. वयस्कर माणसांसाठी बॅटरीवरची गाडी असते, नाहीतर हमालाच्या ट्रॉलीवर बॅगा टाकून माणसांनी सावकाश यावं. आणि बाहेर पडताना मुख्य इमारतीकडं, म्हणजे लोकलच्या लोंढ्यात जाऊ नये. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूनं, 18 नंबरच्या पलीकडं, पी. डिमेलो रोडला बाहेर पडावं. बंदर त्याच अंगाला आहे.

आता वेळेचं. गाडी साडेसातला, बोटीचं चेक-इन दुपारी. मधले तास काही जणांना वाया गेलेले वाटतात, मला ते विम्याच्या हप्त्यासारखे वाटतात. 27 जुलै 2019 ला हीच महालक्ष्मी, मुंबईहून कोल्हापूरला येणारी, बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर प्रवासी होते, सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. मुंबईहून क्रूझचा हंगाम साधारण पावसाळा सरल्यावर सुरू होतो हे आपलं नशीब. तरीही सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोंडावरची तारीख असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत पोचावं, एका रात्रीचं लॉजचं भाडं गेलं तरी चालेल. गाडी चुकली तर दुसरी मिळते, बोट मात्र वाट बघत नाही.

ते तास आम्ही बॅगा क्लोक रूमला ठेवून काढले. तिथं प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. नुसती चेन ओढलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा छोटी कुलपं घरूनच न्यावीत. वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, नाश्ता करून, आई-आत्तीनं पाय लांब करून घेतले.

टॅक्सीच्या बाबतीत दोन गोष्टी. जवळचं भाडं म्हणून पहिले दोघं नाही म्हणाले, तिसरा आला. आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, तिच्यापुढं एक मध्यम बॅग कशीबशी मावते. बाकीच्या टपावरच्या कॅरिअरवर गेल्या. चौघं आणि चौघांच्या बॅगा म्हटल्यावर सरळ दोन टॅक्सी कराव्यात, दीड किलोमीटरला फार फरक पडत नाही. ड्रायव्हरला "क्रूझ टर्मिनल, ग्रीन गेट" असं सांगायचं. बंदराला गेटं अनेक आहेत, नुसतं "डॉक" म्हटलं तर माणूस भलतीकडं नेऊन सोडेल.

या दीड किलोमीटरचं मला फार वाटतं. एके काळी हे अंतर नव्हतंच. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर रेल्वेचं स्वतःचं स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल. 1912 मध्ये सुरू झालेली पंजाब लिमिटेड, म्हणजे आजची पंजाब मेल, तिथूनच पेशावरला सुटायची. विलायतेची डाक घेऊन बोट लागली की प्रवासी आणि त्यांच्या पेट्या धक्क्यावरून थेट डब्यात. नवं भव्य क्रूझ टर्मिनल 2025 मध्ये उभं राहिलं याचा आनंद आहेच, पण सीएसएमटीच्या दारातून टर्मिनलपर्यंत बोटीच्या दिवशी एखादी खालच्या पायरीची बस सोडली, तर कोल्हापूर, सोलापूर, नाशिकहून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे किती कष्ट वाचतील.

टर्मिनलवर पोचलो आणि बॅगांची जबाबदारी संपली. केबिनचा नंबर लिहिलेला टॅग बांधतात, बॅग मशीनमधून जाते, आणि नंतर ती केबिनच्या दारातच भेटते. पण ती पोचायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून गोळ्या, चष्मा, आधार कार्ड, चार्जर आणि एक जोड कपडे खांद्यावरच्या पिशवीत. आईच्या बीपीच्या गोळ्या दुपारच्या जेवणानंतर लागतात, त्या मोठ्या बॅगेत असत्या तर पंचाईत होती.

परतीचंही आधीच ठरवावं. बोट सकाळी लागते आणि कोल्हापूरची कोयना एक्सप्रेस सीएसएमटीहून 8:40 ला सुटते. उतरायच्या रांगा, बॅगा ओळखून ताब्यात घेणं, टॅक्सी हे सगळं त्यात बसत नाही, तेव्हा तो नाद करू नये. रात्रीची महालक्ष्मीच धरावी. बॅगा पुन्हा क्लोक रूमला, आणि दिवस मोकळा. आम्ही सीएसएमटीची 1888 ची इमारत बाहेरून सावकाश पाहिली. दगडात कोरलेले मोर आणि माकडं आत्तीनं एकेक करून शोधले. फक्त एक लक्षात ठेवा: परतीचं आरक्षण जायच्या तिकिटानंतर काही दिवसांनी उघडतं, त्यामुळं कॅलेंडरवर दोन तारखा लिहा.