एकाच चामखिळीला सुई, अन् बाकीच्या?

दिवाळी होऊन गेली होती, कापूस वेचणीचा ऐन सीझन. यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा माझी स्किनची ओपीडी असते, तिथं एक मावशी आल्या अन् बसायच्या आधीच दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. मोजल्या तर 19 चामखिळी, पेरांवर, नखांच्या कडेला, फुलकोबीसारख्या खडबडीत, अन् दोन-तीन चामखिळींच्या फटीत चक्क कापसाचे तंतू अडकलेले. "बोंडातून कापूस काढला का यालेच गुतते जी, ओढलं का रक्त," त्या म्हणाल्या. अंगठ्याजवळ काळपट डाग, बिब्बा लावला होता, चामखीळ जागेवरच अन् बाजूची कातडी फोड येऊन गेलेली. बिब्बा नका हो लावू, खरंच सांगतो.

मशीनने जाळायच्या तर 19 जखमा, वेचणी बंद, अन् यांची मजुरी किलोवर. म्हणून एमएमआरचं सुचवलं, तीच गोवर-गालगुंड-रुबेलाची लस. चामखीळ होते एचपीव्ही व्हायरसनं, तो कातडीच्या वरच्या थरात असा लपतो की रोगप्रतिकारशक्तीला पत्ताच लागत नाही, लस चामखिळीतच टोचली की तिच्यावर धावून आलेल्या पेशींना तोही सापडतो, अन् एकदा ओळख पटली की दूरच्या चामखिळीही जाऊ शकतात. सगळ्यांच्याच जातात असं नाही, तेही बोललो. लस जिवंत असते, गरोदर बाईला चालत नाही, म्हणून पाळीचं विचारून घेतलं.

"एकीले सुई देसान तं बाकीच्या कशा जातीन जी?"

हाताच्या पाठीवरची सगळ्यात मोठी निवडली, इन्सुलिनच्या बारीक सिरिंजने औषध आत गेलं तशी ती पांढरीफटक पडली. मावशींनी दात आवळले पण हात हलवला नाही.

3 आठवड्यांनी दुसरी सुई, फरक शून्य, मला रात्री झोप नीट लागली नाही कारण पैसे त्यांच्या वेचणीचे होते. तिसऱ्या वेळी मोठी थोडी बसलेली. अन् चौथ्या वेळी त्यांनी काही न बोलता हात पुढं केले, मी टॉर्च लावून एकेक पेर बघत गेलो, जिथं चामखिळी होत्या तिथं कातडीच्या बारीक रेषा परत आलेल्या, जिथं सुई लागलीच नव्हती तिथंसुद्धा!

फक्त अंगठ्याच्या नखाजवळची एक उरली होती. चौथी सुई तिथं दिली.