डीमार्टची मुळे: नेरुळ ते वागळे इस्टेट

डीमार्टचा इतिहास सांगणारे बहुतेक जण २००२ साली पवईत उघडलेल्या पहिल्या दुकानापासून सुरुवात करतात. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला ही सुरुवात अर्धवट वाटते, आणि त्यामागे केवळ गावाचा अभिमान आहे असे नाही. पवईच्या तीनेक वर्षे आधी, १९९९च्या सुमारास, डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी नेरुळमध्ये ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी चालवायला घेतली होती. दामोदर मल हे त्या वेळी त्यांच्यासोबत होते. किराणा मालाच्या धंद्याची ओळख दमाणींना झाली ती इथे, आमच्या नवी मुंबईत, आणि तीही एका सहकारी संस्थेच्या पाटीखाली. पुढे डीमार्टमध्ये जे काही घडले ते समजून घ्यायचे असेल, तर ही पाटी लक्षात ठेवावी लागते.

अपना बाजारची स्थापना १९४८ सालची, नायगावच्या कामगार वस्तीतली. युद्धानंतरची टंचाई, रेशनच्या रांगा आणि काळा बाजार अशा दिवसांत गिरणी कामगारांनी एकत्र येऊन ग्राहकांची सहकारी संस्था काढली. योग्य भाव, चोख माप आणि भेसळ नसलेला माल एवढीच तिची प्रतिज्ञा होती. मुंबईच्या मध्यमवर्गाने तिच्यावर पुढची कित्येक दशके विश्वास ठेवला, आणि माझ्या पिढीतल्या अनेकांच्या घरी दिवाळीची खरेदी तिथूनच होत असे. दमाणींना ग्राहकाचा हा विश्वास दिसला. मात्र त्या दुकानाची धंदा करण्याची पद्धत त्यांना पटली नाही, आणि ती फ्रँचायझी फार काळ चालली नाही.

हे दमाणी मुळात दुकानदार नव्हेत. १९५४ सालचा जन्म, मारवाडी कुटुंब आणि मुंबई विद्यापीठात वाणिज्य शाखेचे जेमतेम एक वर्ष. सुरुवातीला ते बॉल-बेअरिंगचा व्यापार करत. वडील दलाल स्ट्रीटवर काम करायचे, आणि त्यांच्या निधनानंतर राधाकिशनही शेअर बाजारात उतरले. हर्षद मेहताच्या तेजीच्या काळात ते मंदीवाल्यांच्या, म्हणजे भाव पडतील यावर पैसे लावणाऱ्यांच्या, गोटात होते. १९९२चा घोटाळा उघडकीस आला आणि त्या गोटाची सरशी झाली, ही कथा एव्हाना सर्वांना पाठ आहे. मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा बदल. चंद्रकांत संपत यांच्यासारख्या दीर्घ पल्ल्याच्या गुंतवणूकदारांच्या प्रभावाखाली त्यांनी चांगल्या कंपन्यांचे शेअर वर्षानुवर्षे सांभाळायला सुरुवात केली. रोजच्या भावाकडे पाहून घाबरायचे नाही, ही सवय त्यांनी पुढे दुकानातही आणली. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि मुलाखतींपासून चार हात लांब, अशी त्यांची ख्याती आहे.

२००० साली डीमार्ट चालवणारी अव्हेन्यू सुपरमार्ट्स ही कंपनी स्थापन झाली आणि दोन वर्षांनी पवईचे दुकान उघडले. यानंतरचा काळ कोणत्याही गुंतवणूकदाराला कंटाळा यावा इतका संथ आहे. २०१० पर्यंत दुकाने होती जेमतेम पंचवीस. त्याच सुमारास चेन्नईच्या सुभिक्षा या किराणा साखळीने उधारीच्या जोरावर देशभर सुमारे सोळाशे दुकाने उघडली, आणि २००९ मध्ये ती पाहता पाहता बंदही पडली. बिग बझारचा शेवट तर आपण सर्वांनी पाहिला. भाडे थकले, जागांचे करार रिलायन्सने स्वतःकडे घेतले आणि २०२२ मध्ये दुकानेही गेली.

इथे दमाणींचा पहिला मोठा निर्णय समोर येतो, आणि माझ्या मते बाकीचे सर्व काही त्यातूनच निघाले. दुकानाची जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची असावी, आणि ते जमत नसेल तर करार निदान तीस वर्षांचा असावा. जागा विकत घ्यायची म्हणजे भांडवल अडकते आणि वाढ मंदावते. पण भाड्याची टांगती तलवार एकदा गेली की कमी नफ्यावर माल विकणे परवडते. म्हणूनच डीमार्ट मॉलमध्ये शोधून सापडत नाही. ते सापडते कोपरखैरण्यासारख्या दाट वस्तीत, जिथे माणसे महिन्याच्या यादीसह चालत किंवा रिक्षाने येतात.

दुसरा निर्णय पुरवठादारांच्या पैशांचा. माल घेतल्यावर कित्येक आठवडे पैसे अडकवून ठेवणे ही मोठ्या दुकानांची जुनी खोड आहे. डीमार्टने आठवड्या-दहा दिवसांत पैसे चुकते करण्याचा शिरस्ता पाडला आणि त्या बदल्यात खरेदीचा भाव उतरवून घेतला. वाशीच्या दाणा बंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, बसणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याला यात नवल वाटणार नाही, कारण रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा हे तिथे लहान मुलालाही कळते. नवल असलेच तर एवढेच, की आधुनिक म्हणवणाऱ्या साखळ्यांना ते इतकी वर्षे सुचले नाही.

हा उतरलेला भाव ग्राहकाला कसा दिसतो, हे रॅकसमोर दोन मिनिटे उभे राहिल्यावर कळते. तूरडाळीच्या पारदर्शक पाकिटांखाली लावलेल्या पट्टीवर छापील किंमत आणि डीमार्टची किंमत शेजारीशेजारी असतात, आणि बिलाच्या तळाशी एकूण किती रुपये वाचले तेही छापलेले असते. बाकी सजावट नाहीच. पंखे पुरत नाहीत, वाटा अरुंद आहेत, ट्रॉलीला ट्रॉली अडकते. कपडे आणि घरगुती भांडी मात्र मुद्दाम अशा ठिकाणी असतात की डाळ-तांदूळ घ्यायला आलेला माणूस त्यांच्यासमोरून गेल्याशिवाय राहत नाही. किराण्यावर नफा कमी मिळतो, तो इथे भरून निघतो.

रोजच्या कारभाराची धुरा नेव्हिल नोरोन्हा यांनी वाहिली. हिंदुस्तान युनिलिव्हरमधून ते २००४ मध्ये आले आणि पुढे प्रमुख झाले. मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. २९९ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी ६०० रुपयांवर उघडला. मार्च २०२५ पर्यंत दुकाने ४१५ झाली आणि त्या आर्थिक वर्षाची उलाढाल ५९ हजार कोटींच्या वर गेली. एवढा पसारा चालवणारे कार्यालय मात्र ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, कामगार रुग्णालयाच्या रस्त्यावर आहे. ठाणेकरांपैकी किती जणांना हे माहीत असेल याची मला शंकाच आहे.

या यशाबद्दल आदर वाटत असूनही एक गोष्ट मनात सलते. अपना बाजारच्या ग्राहकाला सभासद होता येत असे, वार्षिक सभेत उभे राहून संचालकांना जाब विचारता येत असे. स्वस्त भावाचे नायगावचे वचन डीमार्टने अधिक कार्यक्षमतेने पाळले, यात वाद नाही. पण त्यातून सभासद वगळला गेला, आणि त्याच्या जागी भागधारक आला. सहकारी दुकाने याला स्वतःही जबाबदार आहेत, कारण जाब विचारणाऱ्या सभा पुढे पुढे गटबाजीत गुंतल्या आणि माल वेळेवर भरायचे राहून गेले.

आता नवे आव्हान दहा मिनिटांत सामान घरपोच देणाऱ्या ॲपचे आहे. डीमार्ट रेडी ही ऑनलाइन सेवा आहे, पण तिचा वेग त्या शर्यतीचा नाही आणि असावा अशी कंपनीची धडपडही दिसत नाही. महिन्याचा किराणा दहा मिनिटांत कशाला हवा, हे मला कळत नाही. पण आमच्या इमारतीतल्या नोकरदार तरुण जोडप्यांच्या घरात महिन्याची यादी करण्याची पद्धतच उरलेली नाही. डीमार्टचा सगळा हिशेब त्या यादीवर उभा आहे, आणि नोरोन्हांनंतर धुरा घेणाऱ्या अंशुल असावा यांना याचे उत्तर शोधावे लागणार आहे.