होली लँडचे रोल : दुसऱ्या रोलचं आकाश स्वच्छ आलं!

घरीच धुतलेला फिल्मचा दुसरा रोल आत्ता न्हाणीघरात टांगलाय. अजून ओला आहे, पण भिंग लावून पाहिलं आणि आकाश एकदम नितळ. पहिल्या रोलबद्दल मागच्या वेळी किती हळहळले होते ते आठवत असेल, म्हणून आधी ही बातमी.

अमेरिकेतल्या वॉटरबरी गावी पाइन हिल टेकडीवर होली लँड आहे, बायबलमधल्या जागांच्या छोट्या प्रतिकृतींची. तिथं काढलेले हे पाच रोल, सगळे एचपी५ या कृष्णधवल फिल्मचे, ४०० या तिच्या नेहमीच्या वेगावरच. मुलगी त्याच कनेक्टिकट राज्यात आहे म्हणून तिथं जाणं घडलं, पुन्हा घडेलच असं नाही. पहिल्या रोलवर टेकडीवरचा क्रूस आणि उतारावरची बेथलेहेमची सिमेंटची बुटकी घरं होती, आणि त्यांच्यामागचं सगळं आकाश रवाळ, वाळू सांडल्यासारखं.

आधी संशय विमानतळावरच्या एक्स-रेचा. पण त्यानं फिल्म धुरकटली तर कडाही धुरकटतात, आणि माझ्या कडा काचेसारख्या स्वच्छ होत्या. मग फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण, बदलून पाहिलं. फरक नाही. शेवटी जोरदार भिंगाखाली दिसलं की फिल्मवरचे चित्र घडवणारे चांदीचे दाणे एकमेकांना चिकटून गोळे झालेत. आजच्या फिल्मचं जिलेटिन कडक असतं, त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या चित्रांसारखी तडकलेली जाळी सहसा पडत नाही. पण तापमानाचा मोठा धक्का बसला तर दाणा असा गोळा होतो.

धक्का कुठं बसला? चित्र उमटवणारा डेव्हलपर, त्याचं काम थांबवणारा स्टॉप आणि फिक्सर, तिन्ही मी बर्फात ठेवून २० अंशांवर आणले होते. आणि धुतली कशानं? न्हाणीघरातल्या नळानं, म्हणजे गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यानं. दुपारी तीनला मोजलं, ४१ अंश! एका झटक्यात २१ अंशांची उडी. सोलापुरात जन्म गेला आणि मे महिन्यातली टाकी मी विसरले, याचं फार वाईट वाटलं.

मग बर्फ घालून धुण्याचे प्रयोग सुरू केले, रिकाम्या रोलच्या तुकड्यांवर. फ्रीजमधले सगळे ट्रे संपले तरी पाणी मध्येच २९ वर चढायचं. तीन रविवार यात गेले. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यात धुण्यासाठी नळ सोडून ठेवणं जिवावर येतं.

वाट दाखवली ती घरातल्या जुन्या रांजणानं. ओल्या वाळूवर ठेवला, भोवती भिजवलेली सोलापुरी चादर गुंडाळली. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी झिरपून उडतं आणि आतलं गार होतं. रात्रभरानं २६ अंश, आणि सकाळी नऊपर्यंत काटा हलला नाही. तेव्हा डोक्यात आलं की २० चा हट्ट धरायचाच कशाला? सगळंच २६ वर करू. डेव्हलपर, स्टॉप, फिक्सरच्या बाटल्या रांजणाच्या पाण्यानं भरलेल्या टबात दोन तास उभ्या केल्या. माझा डेव्हलपर आयडी-११, १+१ म्हणजे तेवढंच पाणी घालून पातळ केलेला, त्याला २० अंशांना १३ मिनिटं लागतात. दर अंशाला साधारण दहावा हिस्सा कमी करत गेले तर २६ ला सात मिनिटं येतात. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की डाग पडण्याची भीती, म्हणून पातळ डेव्हलपरच बरा. धुतानाही रांजणाचंच पाणी : फिल्म धुण्याची छोटी बंद टाकी भरून ५ वेळा उलटी-सुलटी, ओतून पुन्हा भरून १०, मग २०. तीन टाक्यांत काम झालं! शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरनं, नाहीतर आपलं जड पाणी पांढरे ठिपके सोडतं.

एक सांगते, डिजिटल थर्मामीटरवर भिस्त ठेवू नका. माझे दोन एकाच पाण्यात दीड अंशाचा फरक दाखवत होते. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून काचेचा घ्या.

या रोलवरची सातवी चौकट पाहून सगळे कष्ट विसरले. मोडक्या भिंतीतून बाहेर आलेली लोखंडी जाळी, तिच्यावर चढलेली वेल. जॉन ग्रेको नावाच्या वकिलानं १८ एकरांत मिळेल त्या भंगारातून ही पवित्र भूमी उभी केली. भरात होती तेव्हा वर्षाला ४०,००० माणसं यायची. १९८४ ला ती बंद पडली, दोन वर्षांनी तोही गेला. त्या भिंतीवर हात ठेवून मी बराच वेळ उभी होते.

बारा प्रिंट काढायचं ठरलं होतं, पण हे लिहितानाच बेत बदलतोय. सिद्धरामेश्वरांनी आपल्या गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, तीही एका माणसानं आखलेली पवित्र भूमीच. जानेवारीच्या यात्रेत यण्णीमज्जनाला, म्हणजे लिंगांच्या तैलाभिषेकाला, नंदीध्वज त्या सगळ्यांना फिरतात. तीच ५० ची लेन्स, तीच फिल्म घेऊन ती लिंगं टिपायची आणि होली लँडच्या प्रिंटशेजारी लावायची. म्हणजे बाराच्या चोवीस. कागद पुरणार नाही, मागवायला हवा.

तिसरा रोल बुधवारी, पाणी आल्यावर. रांजण मंगळवारी रात्रीच भरून ठेवायचा, म्हणून दोन घागरी आजच बाजूला काढल्यात.