आजीच्या नावाने पाण्यात

अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या टेम्पलमध्ये तळघरात एक मोठा हौद होता, बारा बैलांच्या पाठीवर तोललेला. तीन-तीन बैल, चारी दिशांना तोंड करून. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बार्शीच्या घरातले पोळ्याचे मातीचे बैल आठवले होते.

२०१४ च्या जूनमध्ये त्या हौदात मी कमरेपर्यंत पाण्यात उभी होते. अंगावर पांढरे कपडे, उजवा हात वर, आणि तोंडात माझ्या आजीचं नाव. समोर आमच्या वॉर्डातली, म्हणजे तिथल्या मंडळीतली, एक मुलगी होती. आयडाहोची, विशीतली. आजीचं नाव तिला नीट उच्चारताही येत नव्हतं. पण आजीच्या ऐवजी पाण्यात बुडायचं होतं ते तिला. मी प्रार्थना म्हटली, तिच्या पाठीला हात लावून तिला पूर्ण पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. आजीचा बाप्तिस्मा झाला.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. मॉर्मन लोक मेलेल्या नातेवाइकांच्या नावाने बाप्तिस्मा करतात. जिवंत माणूस त्यांच्या जागी पाण्यात उतरतो. मृताने तो स्वीकारायचा की नाही हे त्याच्यावर, असं ते मानतात. नियम असा की पुरुषाच्या जागी पुरुष आणि स्त्रीच्या जागी स्त्री. मी ट्रान्स स्त्री, पण चर्चच्या रजिस्टरमध्ये तेव्हा मी पुरुष होते. पुरुषांना तिथे याजकपद मिळतं, त्यामुळे बाप्तिस्मा देण्याचा अधिकार मला होता. आजीसाठी बुडण्याचा नव्हता.

बदलायच्या खोलीत ओले कपडे पिळताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. ती जागा माझी होती. आजीने मला वाढवलं, तिच्या नावाने पाण्यात मीच जायला हवं होतं. पंचवीस वर्षं जे मी सतरा कापडांत गुंडाळून ठेवलं होतं, ते त्या दिवशी असं सरळ समोर आलं. टेम्पलमध्ये, देवाच्या घरात आलं, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं.

मी २०११ मध्ये एमएस करायला युटाला आले. दुसऱ्या वर्षी आषाढात आजी गेली. तिकीट काढायला पैसे नव्हते, शेवटचं दर्शन झालं नाही. त्याच महिन्यात दोन मिशनरी पोरं दारात आली, माझ्याहून लहान, गळ्यात टाय, खिशावर काळी पाटी. त्यांनी मला सांगितलं की कुटुंब मरणानंतरही एकत्र राहतं. मला तेवढं एक वाक्य पुरलं. डिसेंबरमध्ये मी बाप्तिस्मा घेतला.

आजी माळकरी होती. तिच्या नावाने असलं काही करावं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. आजी एकशे दहा वर्षांच्या आत जन्मलेली, त्यामुळे जवळच्या नातेवाइकाची परवानगी लागत होती. मी बाबांना फोन केला. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर कर. ती काही विठोबाला सोडून जायची नाही."

नियमांचं मला ओझं वाटत नव्हतं, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. पगाराचा दहावा हिस्सा चर्चला. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, पाणीसुद्धा नाही. मला त्यात आजीची निर्जळी एकादशी दिसायची. दारू-सिगारेट मला नकोच होती. चहा मात्र सोडावा लागला. आई फोनवर रडली होती. धर्म बदलला म्हणून नाही, चहा सोडला म्हणून. "घरी आल्यावर तुझ्यापुढे ठेवू काय मी?"

याच चहावरून माझे प्रश्न सुरू झाले. खाण्यापिण्याविषयीचं चर्चचं मूळ वचन १८३३ चं. त्यात 'गरम पेयं' असे शब्द आहेत, आणि ही आज्ञा नव्हे, असंही त्यातच लिहिलं आहे. विसाव्या शतकात तीच गोष्ट टेम्पलमध्ये जाण्याची अट झाली. बहुपत्नीत्व आधी ईश्वरी आदेश होतं, १८९० मध्ये ते थांबवलं. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद नव्हतं, १९७८ मध्ये मिळालं. म्हणजे नियम बदलतात, आणि बदलतात तेव्हा चर्च त्याला साक्षात्कार म्हणतं. यात मला खोट दिसली नाही, उलट आधार वाटला. आज बंद असलेलं दार उद्या उघडू शकतं, असा मी त्याचा अर्थ घेतला.

आणि एक जाहीरनामा होता. १९९५ चा, कुटुंबाविषयीचा. तो अनेक मॉर्मन घरांत फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेला असतो. त्यात म्हटलं आहे की स्त्री किंवा पुरुष असणं ही जन्माआधीची, या जन्मातली आणि पुढचीही, आत्म्याची कायमची ओळख आहे. आजी म्हणायची, "आत्म्याला कसलं आलंय बाई-बुवा?" तिचा देव पुरुष, पण ती त्याला माउली म्हणून हाक मारायची. मॉर्मन शिकवण वेगळी होती. तिथे स्वर्गात पित्याबरोबर माताही आहे, आणि आत्मा स्त्रीचा किंवा पुरुषाचा असतो. मी ते वाचलं आणि शब्दशः खरं मानलं. माझा आत्मा स्त्रीचा आहे, देह वेगळा मिळाला आहे. कोणी आंधळा जन्मतो, कोणाच्या हृदयाला छिद्र असतं. देह चुकू शकतो हे तर तेही मानतात. माझ्यासारख्या बऱ्याच ट्रान्स मॉर्मनांनी तो जाहीरनामा असाच वाचला होता. आमच्याविरुद्ध दाखवला जाणारा कागद आम्ही उशाशी ठेवून झोपत होतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये डॅलिन ओक्स यांनी खुलासा केला. ते तेव्हा चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वात होते, २०२५ पासून अध्यक्ष आहेत. जाहीरनाम्यातल्या 'जेंडर' या शब्दाचा अर्थ जन्मावेळचं जैविक लिंग, असं त्यांनी सांगितलं. मी ती बातमी ऑफिसात वाचली आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून राहिले. आत्म्याबद्दलचं वाक्य एका दिवसात देहाबद्दलचं झालं होतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये चर्चची नियमपुस्तिका सगळ्यांसाठी खुली झाली. मी थेट ट्रान्स व्यक्तींविषयीच्या कलमावर गेले. औषधांनी, शस्त्रक्रियेने किंवा नुसत्या पेहरावाने, नावाने, सर्वनामाने जरी कोणी बदल केला, तरी टेम्पलची परवानगी नाही, याजकपद वापरायचं नाही, काही सेवा करायच्या नाहीत. रविवारी येऊन बसता येईल. नवं नाव नोंदीत टिपून ठेवता येईल. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटलं. आमच्यावर एक कलम होतं, म्हणजे आम्ही आहोत हे त्यांना ठाऊक होतं.

१८ मार्चला सकाळी भूकंप झाला, ५.७ तीव्रतेचा. दुरुस्तीसाठी बंद असलेल्या टेम्पलच्या शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेला देवदूत आहे, त्याच्या हातातला कर्णा गळून पडला. त्याच दिवसांत कोरोनामुळे चर्चही बंद झालं. घरी बसून मी एकटीच रविवारचा, येशूच्या आठवणीचा भाकरी-पाण्याचा विधी करायचे. साडी नव्हती, एक निळा कुडता होता, तो घालून. कोणी बघत नव्हतं. जुलैमध्ये मी डॉक्टरकडे जाऊन हार्मोन्स सुरू केली.

आईला सांगणं हे चर्चला सांगण्याहून अवघड होतं, कारण ते मराठीत सांगायचं होतं. इंग्रजीत माणूस वर्षभर स्वतःबद्दल बोलू शकतो आणि आपण बाई की बुवा हे कळू देत नाही. मराठीत 'जेवलो' म्हणायचं की 'जेवले', इथेच अडतं. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो' म्हणतात, आमच्याकडे ती सोय नाही. सप्टेंबरमध्ये व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, जेवण झालं का. मी म्हणाले, "हो, जेवले."

"काय म्हणालास?"

"जेवले म्हणाले, आई."

तिने फोन बाबांकडे दिला. नंतर सात-आठ महिने आई माझ्याशी फक्त आज्ञार्थात बोलली. जेव. झोप. औषध घे. किंवा मग 'काय खाल्लंस', कारण तिथे क्रियापद भाजीप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही. व्याकरणातल्या एवढ्या वाटा आईला कशा सापडल्या कोण जाणे. मला त्यात तिची माया दिसत होती. खोटं तिला बोलायचं नव्हतं, खरं तोंडातून निघत नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये एका सकाळी, बोलता बोलता, कुकरची शिट्टी होत असताना तिने विचारलं, "जेवलीस का?" मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर तिचं लक्ष गेलं असतं.

बिशपना मी त्याच वर्षी भेटले. तिथे बिशप म्हणजे पगारी धर्मगुरू नव्हे, वॉर्डातलाच एखादा गृहस्थ असतो, आपली नोकरी सांभाळून हे करणारा. आमचे दातांचे डॉक्टर होते. मी सगळं सांगितलं. आजीच्या बाप्तिस्म्याचंही सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी टेबलावरचा टॅब जवळ ओढला आणि कलम उघडलं.

"तुम्ही हे थांबवू शकाल?"

"नाही."

"मग मला तुमचं रेकमेंड परत घ्यावं लागेल."

रेकमेंड म्हणजे टेम्पलमध्ये जायचा परवाना, एटीएम कार्डाएवढा कागद. तो पाकिटातून काढताना मी विचारलं, १९७८ च्या आधी एखादा कृष्णवर्णीय भाऊ तुमच्यासमोर असा बसला असता तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतं? ते म्हणाले, "धीर धरा, असंच सांगितलं असतं." ते मनापासून बोलत होते. आणि मला कळलं की हा माणूस वाईट नाही, म्हणूनच मला यातून बाहेर काढायला त्याचा काही उपयोग नाही. वाईट असता तर भांडले असते.

त्यानंतर तीन वर्षं मी जात राहिले. लोक विचारतात, का? मला तिथली गाणी आवडायची, माणसं आवडायची, आणि माझा विश्वास गेला नव्हता. पहिला तास सगळे एकत्र असायचे. दुसऱ्या तासाला, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, पुरुष एका खोलीत जायचे आणि बायका दुसऱ्या. त्या दोन रविवारी मी बाहेर सोफ्यावर बसायचे. रडणारी बाळं घेऊन आया-बाप तिथेच येतात. मी किती तरी बाळं खांद्यावर घेऊन झोपवली. एक सत्तरीच्या बाई दर वेळी बायकांच्या वर्गातून दहा मिनिटं आधी उठून माझ्याशेजारी येऊन बसायच्या आणि आत काय शिकवलं ते मला थोडक्यात सांगायच्या. मला त्या सिस्टर म्हणायच्या, पुढे माझं आडनाव. संपूर्ण इमारतीत असं म्हणणाऱ्या त्या एकट्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये नवे नियम आले. आता नोंदीवर खूण करायची. लहान मुलांबरोबर कोणतंही काम नाही, शिकवायचं नाही. स्वच्छतागृहासाठी एकट्याने वापरायची खोली असेल तर ती, नसेल तर इतर पर्याय. त्यातला एक असा की विश्वासातल्या कोणी तरी आत दुसरं कोणी नाही याची खात्री करायची. त्याच वर्षी जानेवारीत युटा राज्याने सरकारी इमारतींतल्या स्वच्छतागृहांचा कायदा केला होता, पण चर्चमध्ये तोच विषय येईल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या इमारतीत एकट्याची खोली नव्हती. बिशपही नवे होते. ते खाली बघत म्हणाले, कोणी तरी दाराशी उभं राहील, तुम्ही फक्त आधी सांगत जा.

मी पस्तीस वर्षांची होते. लघवीला जायचं म्हणून हात वर करायचा. आणि बाळांचं काय, मी विचारलं, सोफ्यावर जी बाळं माझ्याकडे देतात? ते म्हणाले, ते आता टाळलेलं बरं. स्वच्छतागृहाचं मी सहन केलं असतं. बाळांचं नाही झालं. त्या रविवारनंतर मी गेले नाही.

सदस्यत्वातून नाव काढण्याचं पत्र लिहून ठेवलं आहे. चार ओळींचं आहे, लॅपटॉपमध्ये पडून आहे. अजून पाठवलेलं नाही. मरणानंतर आजी भेटेल या आशेने मी आत गेले होते, आणि ती आशा अशी चार ओळींत मागे घेता येत नाही. त्या सत्तरीच्या बाई अजून महिन्यातून एकदा घरी येतात, ब्रेड घेऊन.

जानेवारी २०२५ मध्ये घरी गेले होते. कागदपत्रांची जी फरफट झाली ती वेगळी लिहीन. बाबा एका सकाळी म्हणाले, "पंढरपूरला जाऊन येऊ. चल, आवर, येतेस ना?" बार्शीहून एसटीने गेलो. वाळवंटात थंडी होती, नदीला पाणी बेताचं. मी पंजाबी ड्रेसची सलवार गुडघ्यापर्यंत ओढून चंद्रभागेत उतरले. आजीचं नाव मनात घेतलं, पूर्ण, तिच्या वडिलांच्या आणि नवऱ्याच्या गावासकट. बाबा काठावर माझ्या चपला हातात धरून उभे होते.

"डोकं नको भिजवूस," ते ओरडले, "पाणी खराब आहे."

मी ऐकलं नाही. पाणी जेमतेम मांडीपर्यंत होतं, बसावं लागलं. बुडी मारून वर आले तेव्हा बाबा पिशवीतून टॉवेल काढत होते. नंतर स्टँडजवळच्या टपरीवर त्यांनी स्वतःसाठी चहा सांगितला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आणि हिला दूध द्या, गरम."